दाढीचा साबण आणि कारणाचा शोध

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकात कविता येतात, कथा येतात, थोरांची चरित्रे येतात. त्यांच्या पंगतीत दाढीच्या साबणावरचा लेख पाहून काही वाचकांना हसू येईल. पण वसतिगृहाच्या नळावर सकाळी सात वाजता उभे राहावे. “या क्रीमने तोंडाची नुसती आग झाली बघ,” हे वाक्य ज्या दिवशी कानावर पडत नाही, असा दिवस विरळाच. आग होते, पुरळ उठते, मुलगा ट्यूब बदलतो. पंधरा दिवसांनी पुन्हा आग होते, पुन्हा ट्यूब बदलते. खिसा रिकामा होतो आणि कारण सापडत नाही ते नाहीच.

माझ्यापुरते सांगायचे तर हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी केशकर्तनालय आहे. त्या दुकानाच्या मिळकतीवर आमच्या घराण्यातला पहिला मुलगा कॉलेजची पायरी चढला. गिऱ्हाइकाच्या गालावर पुरळ उठले की दोष साबणाला लागतो, साबणावरून तो दुकानाला लागतो आणि दुकानावरून घराला. म्हणून कारण कोणते, हा प्रश्न आमच्याकडे भाकरीचा प्रश्न आहे.

पहिल्या वर्षाला मी तर्कशास्त्र हा विषय घेतला. त्यात ‘काकतालीय न्याय’ शिकवला जातो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण म्हणतो, कावळ्याने फांदी मोडली. एका गोष्टीमागून दुसरी घडली, एवढ्यावरून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही. दाढीच्या बाबतीत तर हा घोटाळा हटकून होतो, कारण एका दाढीत पाच-सात गोष्टी एकामागोमाग चेहऱ्यावर येतात. पाणी, ब्रश, साबण, पाते, हाताचा दाब, तुरटी, शेवटी लोशन. त्यातला साबण तेवढा पांढराशुभ्र फेसाच्या रूपाने डोळ्यांत भरतो. म्हणून संशय प्रथम त्याच्यावरच जातो.

याचे एक गाजलेले उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात (१९१४–१८) ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांच्या चेहऱ्यावर व मानेवर काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, उठू लागली. हा रोग मुळात गुरांचा. तो दाढी करणाऱ्या सैनिकांच्या हनुवटीवर कसा आला? माग काढता काढता तपास दाढीच्या ब्रशापर्यंत पोचला. युद्धामुळे बिज्जूच्या केसांचा पुरवठा आटला होता आणि त्याऐवजी घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश बाजारात आले होते. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. पुढे १९२० साली ब्रिटनने जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. साबण बदलून, पाते बदलून त्या सैनिकांचा धोका टळला नसता, कारण दोष ब्रशाच्या केसांत दडून बसला होता.

आता त्वचेवर नेमके काय घडते ते पाहू. आपल्या त्वचेच्या सर्वांत वर मृत पेशींचा एक थर असतो. तो कागदाहूनही पातळ असतो, पण आतला ओलावा आत आणि बाहेरचे पदार्थ बाहेर ठेवण्याचे काम तोच करतो. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण ४.५ ते ५.५ भरतो. दाढीचा साबण मात्र बहुधा स्टिअरिक आम्ल आणि कॉस्टिक पोटॅश यांच्या संयोगाने बनतो. त्याला दाट फेस येतो, पण तो अल्कधर्मी असतो, पीएच सुमारे ९ ते १०. हा फेस त्वचेवरचे तेल काढून नेतो, आणि मागून येणारे पाते केसांबरोबर त्या पातळ थराचाही थोडा अंश खरवडते. एवढे झाल्यावर थोडी चरचर होणे स्वाभाविकच आहे.

अशा त्रासाचे मुख्य प्रकार दोन. पहिला क्षोभाचा. यात पदार्थाच्या तिखटपणाने त्वचा सरळ दुखावते. तो कोणालाही, पहिल्याच खेपेला होऊ शकतो. तो लवकर, बहुधा काही मिनिटांत किंवा तासांत जाणवतो. त्यात खाजेपेक्षा आग जास्त असते. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. यात शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या पदार्थाला शत्रू म्हणून ओळखू लागते. ती ओळख पहिल्या भेटीत होत नाही. वर्षानुवर्षे सुखाने वापरलेली वस्तूसुद्धा एक दिवस अंगावर उलटू शकते. आणि मुख्य म्हणजे पुरळ लगेच उठत नाही, एक ते तीन दिवसांनी उठते. यात खाज प्रमुख असते. रविवारी लावलेल्या वस्तूचे पुरळ मंगळवारी उठले, तर मंगळवारी सकाळी हातात असलेला साबण विनाकारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. शिवाय आधीच दुखावलेल्या त्वचेला साधा साबणही झोंबतो. म्हणजे आरोपाला पुरावाही मिळतो!

साबण व क्रीम यांत ॲलर्जी करणारे पदार्थ नसतातच असे नाही. सर्वांत जास्त संशयित म्हणजे सुगंध. लिंबूवर्गीय वासाचे लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधील लिनॅलूल हे पदार्थ हवेशी संयोग पावले की त्यांच्यापासून ॲलर्जीकारक द्रव्ये तयार होतात. म्हणून जुनी, उघडी राहिलेली बाटली नवीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. दुसरा संशयित टिकाऊपणासाठी घातलेले द्रव्य. त्यांतील मिथाइलआयसोथायझोलिनोन हे इतके कुप्रसिद्ध झाले, की अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संस्थेने २०१३ साली त्याला ‘वर्षातील ॲलर्जीकारक’ ठरवले. तिसरा संशयित लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतले मेण. थंडावा देणारे मेन्थॉल आणि लोशनमधील अल्कोहोल हे मात्र बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात, म्हणजे क्षोभात मोडतात.

आणि कित्येकदा दोष कोणत्याच पदार्थाचा नसतो. कुरळ्या केसाची दाढी फार तुळतुळीत केली, विशेषतः उलट्या हाताने केली, तर कापलेल्या केसाचे टोक वळून त्वचेत शिरते आणि तिथे फोड येतो. मानेवरचे असे फोड साबणाच्या ॲलर्जीसारखेच दिसतात. त्यावर उपाय सुगंधी ट्यूबमध्ये नाही. केसांच्या दिशेने दाढी करावी, पात्यावर जोर देऊ नये आणि दाढीपूर्वी दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने केस भिजू द्यावेत. भिजलेला केस कमी जोराने कापला जातो.

मग खरा आरोपी कसा ओळखावा? जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पद्धती मांडल्या. परीक्षेपुरत्या त्या आपण पाठ करतो. त्यांपैकी तीन आरशासमोर उभे राहून वापरता येतात.

पहिली अन्वय पद्धती. ज्या ज्या वेळी त्रास झाला, त्या त्या वेळी कोणती एक गोष्ट समान होती? यासाठी वहीत तारीख, वापरलेल्या सर्व वस्तू आणि त्रासाची जागा लिहून ठेवावी. जागा फार बोलकी असते. फेस गालावर आणि पुरळ कानामागे, असे असेल तर साबणाविरुद्धचा दावा तिथेच डळमळतो.

दुसरी व्यतिरेक पद्धती. सर्व गोष्टी तशाच ठेवून एकच बदलायची. प्रथम त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत दाढी थांबवावी. दाढी न करताही पुरळ हटत नसेल, तर कारण दाढीच्या सामानाबाहेर शोधावे. त्वचा बरी झाल्यावर नवे पाते, कोमट पाणी आणि बिनवासाचा साधा साबण एवढ्यावर आठवडाभर काढावा. मग दर आठवड्याला एकेक वस्तू परत आणावी. दोन साबणांची तुलना करायची असेल तर डाव्या गालाला एक, उजव्याला दुसरा लावावा. पाणी, पाते, हात तेच. उजव्या हाताने दाढी करणाऱ्याचा दाब दोन्ही गालांवर सारखा पडत नाही, म्हणून पुढच्या आठवड्यात गालांची अदलाबदल करावी.

तिसरी सहपरिवर्तन पद्धती. एक गोष्ट वाढली की दुसरीही वाढते का? दाढी रोजच्याऐवजी दिवसाआड केली आणि त्रास त्या प्रमाणात उतरला, तर पाते किंवा साबण यांचा संबंध संभवतो.

एक सावधगिरी मात्र हवी. साबण किंवा क्रीम कातडीवर लावून वर चिकटपट्टी बांधू नये. बांधून ठेवलेला कोणताही साबण त्वचा भाजल्यासारखी करतो, आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. हवा तर फेस हाताच्या आतल्या बाजूला काही मिनिटे ठेवून धुवावा, आणि असे आठ-पंधरा दिवस करून पाहावे.

आता आमच्या दुकानात हे कसे घडले ते सांगतो. वडिलांच्या बोटांना भेगा पडत, खाज येई, कधी पाणी सुटे. गिऱ्हाइके हातांकडे पाहून खुर्चीत बसायला कचरत. त्याच सुमारास नेहमीचे एक निवृत्त गुरुजी कपाळाच्या कडेला, कानांवर आणि ओठाच्या वर पुरळ घेऊन आले. “अरे, तुझ्या नव्या क्रीमने ही दशा केली,” असे म्हणून ते समोरच्या दुकानात जाऊ लागले. वडिलांनी क्रीमचा खोका माळ्यावर टाकला आणि जुनी साबणवडी काढली. बोटे होती तशीच राहिली.

दिवाळीच्या सुटीत मी गावी गेलो तेव्हा वडिलांना म्हणालो, “आण्णा, पंधरा दिवस दाढीला हात लावू नका. दाढ्या चुलतभाऊ करेल. तुम्ही फक्त केस कापा आणि कलप लावा.” पंधरा दिवसांत काही फरक पडला नाही. मग उलटे केले. दाढ्या वडिलांकडे, कलप चुलतभावाकडे. तीन आठवड्यांत भेगा मिटू लागल्या. साबणात रोज हात बुडत होते, तरी मिटू लागल्या!

गुरुजींचे कोडेही मग उलगडले. साबण सर्वांत जास्त लागतो तो गालांना, आणि गुरुजींचे गाल स्वच्छ होते. पुरळ होते ते जिथे जिथे कलप लागला तिथे. केसांच्या कडेला, कानांवर आणि मिशीखाली.

तरीही आमचा तर्क म्हणजे केवळ अंदाज होता. त्याची खात्री केली ती शासकीय रुग्णालयाच्या त्वचाविभागात ‘पॅच टेस्ट’ने. ही चाचणी योझेफ याडासोन या जर्मन डॉक्टरने १८९५ साली प्रथम जगापुढे मांडली. संशयित पदार्थांचे अत्यल्प, ठरावीक प्रमाण छोट्या चकत्यांत भरून पाठीवर चिकटवतात. दोन दिवस पाठ भिजू द्यायची नाही. मग चकत्या काढून पाहतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहतात, कारण ॲलर्जी सावकाश बोलते. वडिलांच्या पाठीवर सुगंधाची, लॅनोलिनची जागा कोरी राहिली. एकच जागा लाल होऊन फुगली, पॅराफिनिलीनडायअमीनची. हे द्रव्य काळ्या कलपात असते. ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही ते बहुधा असते. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस येतो, काळा कुळकुळीत येत नाही.

आता वडील कलपाच्या कामाला नायट्राइलचे हातमोजे घालतात. गुरुजींनाही मी त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला सुचवले. त्यांनी कलप सोडला. पांढऱ्या मिशीत ते पूर्वीपेक्षा जास्तच गुरुजी दिसतात. माळ्यावरचा क्रीमचा खोका खाली आला आणि महिनाभरात संपलाही.

शेवटी दोन गोष्टी. पुरळ उठले की औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम आणून चेहऱ्याला चोळण्याची चाल आपल्याकडे फार आहे. त्यांतील अनेक मलमांत स्टेरॉइड असते. त्याने चार दिवस बरे वाटते, पण महिनोन्महिने लावल्यास चेहऱ्याची कातडी पातळ होते, लाल पडते, आणि मलम सोडताच आग भडकते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकली जाऊ नयेत म्हणून २०१८ साली सरकारने नियम कडक केले, तरी मागणारे आपणच असतो. पुरळात पू झाला, डोळे-ओठ सुजले किंवा त्रास दोन-तीन आठवड्यांत हटला नाही, तर घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडेच जावे. जाताना क्रीम, साबण, लोशन, कलप यांची वेष्टने बरोबर न्यावीत, म्हणजे त्यांवर छापलेल्या घटकांवरून चाचणीचे पदार्थ ठरवता येतात.

दुसरी गोष्ट आपल्या अभ्यासाची. कलाशाखेच्या मुलाला गावात हमखास विचारतात, “हे शिकून उपयोग काय?” मला वाटते, कोणावर दोष ठेवण्यापूर्वी पुरावा मागण्याची सवय लागणे हाच मोठा उपयोग आहे. साबणावर खोटा आळ आला तर फार तर एक ट्यूब वाया जाते. पण माणसावर आला तर त्याचे गिऱ्हाईक तुटते आणि पोटाला चिमटा बसतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी, वही ठेवावी, आणि निकाल लागेपर्यंत जीभ आवरावी. हा नियम दाढीला लागू पडतो, तसाच तो शेजाऱ्यालाही लागू पडतो.