एक लावा, पाच काढा!

सांबारात अख्खे तरंगणारे बोराएवढे गुलाबी कांदे आठवताहेत? तमिळनाडूत त्यांना ‘चिन्न वेंगायम’ म्हणतात, म्हणजे छोटा कांदा. आपल्याकडे ते ‘सांबार कांदे’ म्हणून मिळतात. मुंबईकरांनी माटुंग्याच्या बाजारात शोधावेत. उन्हाची गॅलरी, जुनी बादली आणि एक सेमिस्टर एवढं हाताशी असेल, तर हे कांदे घरीही होतात.

नेहमीचा मोठा कांदा मातीत खोचला तर पात मिळते, मग वर फुलाचा गोंडा येतो. खायला नवा कांदा हवा, तर बी पेरून, रोपं करून ती पुन्हा लावावी लागतात. सांबार कांद्याला ही कटकट नाही. एक लावला की त्याच्याच बुडाशी चार-सहा कांद्यांचा घोस धरतो. त्यामुळे बियाणं शोधत फिरायला नको, भाजीबाजारातून पावशेर आणले की झालं.

दिवाळीची सुट्टी संपवून परतलात की कामाला लागा. बादलीच्या तळाला भोकं पाडा. मातीत कंपोस्ट आणि थोडी वाळू मिसळा. टणक, नुकताच कोंब डोकावू लागलेले कांदे निवडा. मुळांची बाजू खाली, शेंडा जेमतेम मातीबाहेर आणि दोन कांद्यांत चार-पाच बोटं अंतर. रोज पाच-सहा तास ऊन हवंच. पाणी मात्र वरची माती सुकल्यावरच. लाडाने रोज ओताल तर कांदा सडेल! पातीवर चंदेरी चट्टे दिसले तर ते फुलकिडे समजा आणि कडुनिंबाच्या तेलाचं पाणी फवारा.

अडीच-तीन महिन्यांत पात पिवळी पडून आडवी होते. तेव्हा पाणी तोडा, घोस उपटा आणि आठवडाभर सावलीत वाळवा.

दहा कांद्यांमागे फार तर अर्धा किलो माल निघेल. त्यात महिन्याचं बजेट सुटणार नाही, हे खरं. पण सगळे सांबारात टाकू नका. त्यातले चांगले दहा जाळीच्या पिशवीत हवेशीर जागी टांगून ठेवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत रूमला कुलूप लागलं की कुंडीतल्या तुळशी-पुदिन्याचं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. वाळवलेला कांदा मात्र पाण्यावाचून निवांत झोपून राहतो. पुढच्या वेळी विकत काही आणायचं नाही, हेच दहा लावायचे. आणि जास्तीचे उरले, तर शेजारच्या रूममध्येही एक बादली सुरू करून द्या!