सुरय संकटात, चतुर सुखात?

पिशोरच्या अंजना-पळशी धरणापासून पैठणच्या नाथसागरापर्यंत मराठवाड्यातलं कुठलंही मोठं पाणी घ्या. पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो चतुर काठावर हमखास भेटतो. नशीब असेल तर नदी सुरयही दिसतो. पिवळीधमक चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. हवेत क्षणभर थबकून तो सरळ पाण्यात सूर मारतो.

दोघेही उडणारे, दोघेही शिकारी. नातं मात्र 'प्राणी' या शब्दापाशीच संपतं. सुरय पाठीचा कणा असलेला, पक्षी वर्गातला. टिटवी त्याच्याच गणातली. म्हणजे शेजारी पोहणाऱ्या बदकापेक्षा माळावर ओरडणारी टिटवी त्याची जवळची. चतुर संधिपाद, कीटक वर्गातला, ओडोनाटा गणातला. सुरयाचा पंख म्हणजे बदललेला हात. चतुराचे चार पंख अंगाच्या कवचातून फुटलेले, आणि चारही वेगवेगळे हलणारे.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या लाल यादीत 2020 साली सुरय 'असुरक्षित' गटात गेला. पावसाळ्यानंतर थव्यांनी दिसणारा पिवळसर चतुर, पँटाला फ्लॅवेसेन्स, 'किमान चिंता' गटात आहे. कारण दोघांच्या विणीत आहे. सुरय ऐन उन्हाळ्यात, पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या वाळूवर दोन-तीन ठिपकेदार अंडी घालतो. घरटं कसलं, नुसता खळगा! ऊन तापलं की पोटाची पिसं भिजवून आणतो आणि अंड्यांवर बसतो. एवढी काळजी घेऊनही वाळूचा एक ट्रॅक्टर, मोकाट कुत्री किंवा धरणाचं अचानक वाढलेलं पाणी सगळं संपवतं. या चतुराला पावसाचं डबकंही पुरतं. काही आठवड्यांत पिल्लू पाण्याबाहेर येऊन कात टाकतं नि उडून जातं. तो भारतातून मालदीवमार्गे थेट आफ्रिका गाठत असावा, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडलं.

पण सगळेच चतुर असे सुखात नाहीत. 2021 मध्ये चतुर आणि त्यांच्याच गणातल्या टाचण्या या कीटकांच्या 6,016 जातींचं जागतिक मूल्यमापन झालं, तेव्हा 16 टक्के जाती धोक्यात निघाल्या. शिवाय यादीतला शेरा साऱ्या जगाचा असतो, गावच्या ओढ्याचा नव्हे. शेतातलं कीटकनाशक ओढ्यात उतरलं की डासांच्या अळ्या खाणारी चतुराची पिल्लंही मरतात. फवारणीचे पंप ओढ्यात धुणं थांबवायला हवं. आणि मार्च ते मे या काळात धरणातल्या वाळूच्या बेटांवर उपसा होऊ नये, हे काठच्या ग्रामपंचायतींनी मनावर घेतलं पाहिजे.