तांबट: कानाला ओळखीचा, डोळ्याला परका

नावामागचा ठोका

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथं तांब्याच्या भांड्यावर मठारकाम चाललेलं असलं की ठोके एका लयीत पडत राहतात. घाई नाही, खंड नाही. होळीच्या सुमाराला भर दुपारी झाडातून येणारं ‘टुक्‌ टुक्‌ टुक्‌’ ऐकलं की या पक्ष्याला तांबट का म्हणतात ते वेगळं सांगावं लागत नाही. मिनिटाला शंभरावर ठोके, आणि गडी सहजी दमत नाही.

गंमत म्हणजे ओरडताना त्याची चोच मिटलेली असते. गळ्याच्या दोन्ही बाजूंना उघड्या कातडीचा पट्टा असतो, तो प्रत्येक ठोक्याला फुगतो आणि बसतो. त्यात डोकं घटकेत इकडे, घटकेत तिकडे वळतं, म्हणून आवाजाची दिशा लागत नाही. आमच्या गल्लीतल्या पिंपळाखाली मी मान अवघडेस्तोवर त्याला शोधत होतो. तो बसला होता पाठीमागच्या शेवग्याच्या शेंड्यावर.

रूप आणि गोत

लांबी १७ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीहून जेमतेम मोठा. कपाळ आणि छातीवरचा पट्टा लालभडक, गळा व डोळ्यांभोवतीची जागा पिवळी, पाय लाल, पाठ हिरवी. नर-मादी सारखेच दिसतात. पिल्लांना सुरुवातीला लाल रंग नसतो. हिरव्या पाठीमुळे पानांत तो दिसत नाही. थंडीच्या सकाळी निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसतो, तेव्हा बघून घ्यावा.

जाड चोचीच्या मुळाशी राठ केस, पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे. सुतारपक्षी हा त्याचा भाऊबंद, तर दक्षिण अमेरिकेतला भल्यामोठ्या चोचीचा टूकानही नात्यातलाच. तांबट स्वतः भारतापासून फिलिपिन्सपर्यंत आढळतो. मुंबईने २०११ साली त्याला शहराचा पक्षी म्हणून निवडलं.

उंबराची पंगत

वड, पिंपळ, उंबर यांची फळं हे त्याचं मुख्य अन्न. ही झाडं एकाच वेळी फळत नाहीत. एक संपेस्तोवर दुसरं कुठंतरी पिकायला लागतं. तांबट छोटी फळं अख्खी गिळतो, बी विष्ठेतून बाहेर पडते, आणि भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो. गच्चीवरच्या त्या रोपाचा दोष एकट्या त्याच्या माथी मारू नये. बुलबुल आणि कावळेही याच उद्योगात असतात. मधूनमधून तो किडेही खातो.

वठलेली फांदी

घरटं म्हणजे फांदीत कोरलेली ढोली. चोच सुतारपक्ष्याइतकी दणकट नाही, म्हणून लाकूड मऊ लागतं: शेवगा, गुलमोहर किंवा कुठल्याही झाडाची वठलेली, पोखरत आलेली फांदी. भोक बहुधा आडव्या फांदीच्या खालच्या अंगाला असतं, त्यामुळे पाऊस आत शिरत नाही. कोरण्याचं काम नर-मादी दोघं मिळून करतात, अंडीही आळीपाळीने उबवतात.

आपण मात्र वाळली फांदी दिसली की करवत घेऊन धावतो. रहदारीवर लोंबणारी असेल तर तोडावीच लागेल; पण मैदानाच्या कोपऱ्यातली, कुणाच्या डोक्यावर न येणारी फांदी कापण्याआधी एकदा खालून बघावं. गोल, कडा गुळगुळीत केलेलं भोक आणि खाली पडलेला ताजा भुसा दिसला, तर आत बिऱ्हाड आहे. थोडा वेळ उभं राहिलं तर भोकातून लाल कपाळ डोकावतंही.