फाउंडेशन म्हणजे सरकार नव्हे

निम्मा घोळ ‘अनुदान’ या शब्दानेच घातला आहे. अनुदान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ठिबक सिंचन येतं, शाळांचे वीस टक्के-चाळीस टक्क्यांचे टप्पे येतात, मंत्रालयातली फाईल आणि ती पुढे सरकवणारा कुणीतरी येतो. निकषात बसलात की तो तुमचा हक्क, आणि नाही मिळालं तर आझाद मैदान आहेच. हीच समजूत उराशी धरून छोट्या संस्था खासगी फाउंडेशनला पत्र लिहितात: ‘आमच्या संस्थेस अनुदान मंजूर करून उपकृत करावे.’ गेली काही वर्षं अशा संस्थांचे प्रस्ताव मी वाचून, दुरुस्त करून देतो. त्यात भेटणारे गैरसमज साधारण ठरलेले असतात.

‘त्यांच्याकडे पैसा पडून असतो, कुणाला द्यायचा ही त्यांची मर्जी.’ मर्जी आहे, पण पैसा पडून ठेवता येत नाही. आयकराची सूट टिकवायची तर धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के तिच्या उद्दिष्टांवर खर्च दाखवावे लागतात, किंवा पुढच्या ठरावीक कामासाठी रीतसर राखून ठेवावे लागतात. फाउंडेशनही या नियमाखाली येतं. म्हणजे मार्च जवळ आला की त्यांच्याही हिशेबनिसाला घाम फुटतो. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिलेली ग्रँट त्यांच्या खर्चात धरली जाते, मात्र एप्रिल २०२३ पासून शंभर रुपये दिले तर पंच्याऐंशीच धरले जातात. आणि तीच रक्कम ‘कॉर्पस’ म्हणजे कायम निधी म्हणून दिली तर त्यातलं काहीच धरलं जात नाही. ‘एकदाच मोठी रक्कम द्या, आम्ही तिच्या व्याजावर काम चालवू’ ही आपल्याला अगदी समंजस वाटणारी मागणी बहुतेक ठिकाणी पहिल्याच वाचनात बाजूला का पडते, ते यावरून कळेल. समोरचा कंजूष असतो असं नाही. त्याच्या हिशेबात ती बसत नाही.

यालाच लागून दुसरा गोंधळ. ‘आमच्याकडे ८०जी आहे, मग अडचण काय?’ ८०जी हे देणगीदाराच्या करसवलतीचं प्रमाणपत्र. पगारदार माणूस पाच हजार देतो तेव्हा त्याला ते लागतं. ज्या फाउंडेशनचं उत्पन्न मुळातच करमुक्त आहे, त्याला तुमच्या ८०जीचा थेट उपयोग फारसा नसतो. त्याला हवी असते तुमच्या संस्थेच्या करमुक्तीची १२एबी नोंदणी, कारण तिच्याविना त्यांची ग्रँट खर्चात धरली जात नाही. एका तालुक्याच्या गावी संस्थेच्या कार्यालयात सरस्वतीच्या तसबिरीशेजारी १२एचं, म्हणजे याच नोंदणीचं जुनं, प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं पाहिलं. काच स्वच्छ पुसलेली, तारीख १९९८ची. २०२१ पासून जुन्या नोंदण्या नव्याने करून घ्याव्या लागल्या आणि त्याही पाच वर्षांपुरत्या, हे तिथे कुणाला ठाऊकच नव्हतं. ज्यांनी तेव्हा नव्याने नोंदणी केली, त्यातल्या बहुतेकांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची होती आणि नूतनीकरणाचा अर्ज त्याच्या सहा महिने आधी करायचा होता. चौकटीतलं प्रमाणपत्र शोभेला राहू द्या. फाईलमध्ये चालू तारखेचं हवं.

कागदांचं बोलतोच आहे तर आणखी एक. महाराष्ट्रात सर्वाधिक प्रस्ताव कशावर अडतात असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, चेंज रिपोर्टवर. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा असतो. प्रत्यक्षात त्यांच्याकडच्या नोंदीत, परिशिष्ट-१ वर, अजून वारलेले अध्यक्ष असतात, बँकेत सही भलत्याचीच चालते आणि ठराव तिसऱ्याच्या नावाचा असतो. फाउंडेशनचा माणूस हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवतो. तुमचं काम कितीही मोलाचं असो, त्याला करार कुणाशी करायचा तेच कळत नाही.

‘वशिला लागतो.’ थोडा लागतो, खोटं कशाला बोलू? ओळखीतून फोन उचलला जातो, पहिली भेट मिळते. पण पुढे प्रोग्रॅम ऑफिसर, कागदपत्रांची छाननी, क्षेत्रभेट आणि शेवटी विश्वस्तांची बैठक अशी साखळी असते, तिथे ओळख फार पुरत नाही. ‘दहा टक्के द्या, ग्रँट मिळवून देतो’ म्हणणारा मात्र सरळ दारातूनच परत पाठवावा. ही दहा टक्के रक्कम कुठल्या खात्यात दाखवणार, एवढंच त्याला विचारा.

आता पैशाच्या बोलण्यातला सर्वात महागडा गैरसमज. ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर दाखवायचा नाही, कायदाच आहे.’ तसा कायदा तुमच्यासाठी नाही. कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक दायित्व) नियमांत पाच टक्क्यांची मर्यादा आहे खरी, पण ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चावर. प्रकल्प राबवण्याचा, त्यावर देखरेख ठेवण्याचा खर्च तिच्यात येत नाही. कंपनीतल्याच काही जणांनी ती मर्यादा संस्थांच्या गळ्यात अडकवली आणि संस्थांनी मान डोलावली. मग अर्थसंकल्पात हिशेबनीस महिना चार हजारांवर दाखवायचा, गाडीचं डिझेल ‘प्रशिक्षण साहित्या’त लपवायचं, भाडं कुणीतरी खिशातून भरायचं. हे ऑडिटमध्ये उघडं पडतं आणि तेव्हा संस्था खोटी ठरते, कंजूष देणगीदार नव्हे. हिशेबनिसाचा खरा पगार लिहावा. नाकारला तर नाकारला.

‘पैसा खात्यात आला की आपला.’ नाही. ग्रँट ठरलेल्या कामाची असते, हप्त्यांनी येते, विनियोग प्रमाणपत्र मागते आणि उरलेली रक्कम करारानुसार बऱ्याचदा परत जाते. हे काही नव्या कॉर्पोरेट डोक्यातून निघालेलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहासाठी रतन टाटांनी (जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, २०२४ मध्ये निवर्तले ते नव्हेत) गांधींना पंचवीस हजारांची देणगी पाठवली होती, आणि पुढेही मदत केली. १९१२ मध्ये गांधींनी त्यांना जाहीर पत्र लिहून पैसा कसा वापरला आणि सत्याग्रहींच्या टॉल्स्टॉय फार्मवर काय चाललंय ते सांगितलं. अहवालच तो. याच रतन टाटांच्या मागे १९१९ मध्ये त्यांच्या नावाचा ट्रस्ट उभा राहिला. देशातल्या सर्वात जुन्या देणाऱ्या ट्रस्टांमध्ये त्याची गणना होते.

परदेशी पैशाबद्दल थोडक्यात. एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणीशिवाय, किंवा गृह मंत्रालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय, तो घेताच येत नाही. नोंदणी असली तरी तो आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. २०२० पासून एका संस्थेने तो दुसरीला देणंही बंद झालं, त्यामुळे ‘मोठ्या संस्थेमार्फत घेऊ’ ही वाट मिटली. यात मराठी माणूस हमखास फसतो तो नातेवाइकांच्या देणगीवर. दुबईतला पुतण्या भारतीय पासपोर्टवर असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत त्याने पाठवलेला पैसा परदेशी ठरत नाही. न्यू जर्सीतले काका अमेरिकी नागरिक झाले असतील तर त्यांचा ठरतो, मग दर गणपतीला ते आरतीला का उभे राहेनात.

आणि नकार आला म्हणजे काम वाईट, हेही खरं नाही. पुष्कळदा जिल्हा त्यांच्या यादीत नसतो, नाहीतर त्या वर्षीचे पैसे आधीच शब्द दिलेल्यांकडे गेलेले असतात. कारण विचारावं. बरेच जण सांगतात.

मराठवाड्यातल्या एका संस्थेची क्षेत्रभेट आठवते. फाउंडेशनच्या बाई येणार म्हणून दारात रांगोळी, नारळ, शाल, मुलींचं स्वागतगीत. बाईंनी गीत ऐकून घेतलं आणि हजेरीपट मागितला. शिक्षिका गप्प. मग तिने दोन वह्या आणल्या, एक पाहुण्यांसाठी भरलेली आणि एक खरी. खऱ्या वहीत दिवाळीनंतर नावांपुढच्या ‘ग’ची रांग लागली होती, थेट मार्चपर्यंत. बाईंनी पहिली वही मिटून बाजूला ठेवली आणि दुसरीत बोट ठेवत विचारलं, ‘ही मुलं ऊसतोडीला कुठल्या कारखान्यावर गेलीत?’ शिक्षिकेला प्रत्येकाचं गाव, मुकादम आणि कारखाना तोंडपाठ होता. प्रस्तावात यातलं एक अक्षर नव्हतं. तो दुपारी बसून पहिल्या पानापासून नव्याने लिहिला.