'मले' अशुद्ध कसे?

प्रदेश बदलला की केवळ शब्द बदलतात, असा आपला समज असतो. वस्तुतः शब्दांची घडणही बदलते. पुण्याचे 'मला' वाशीमला 'मले' होते, गोव्याच्या कोकणीत 'म्हाका', तर पूर्वेस छत्तीसगढीत 'मोला'. अर्थ एकच; प्रत्यय निराळे. वाशीमचा शेतकरी 'पाऊस येईन' म्हणतो, तेव्हा प्रमाण मराठीतील 'येईल'मधल्या 'ल'च्या जागी तो 'न' योजतो. 'येत आहे' याऐवजी 'येऊन राहिला' म्हणतो. हा गोंधळ नव्हे, व्याकरण आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात वऱ्हाडीची रीतसर नोंद आहे. शिवाय ज्या वऱ्हाडात तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध झाले, तेथील बोलीस अशुद्ध म्हणावे तरी कोणी?

तरीही शाळेत 'मले' ही चूकच ठरते. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीच्या परिसरात तांड्यावरून येणाऱ्या बंजारा मुलांची अडचण तर दुहेरी आहे. त्यांची गोरमाटी राजस्थानी कुळातली. वऱ्हाडी ही त्यांची अनेकदा दुसरी भाषा आणि पुस्तकी मराठी तिसरी.

प्रमाण भाषा शिकवलीच पाहिजे; परीक्षा आणि अर्ज तिच्यातच लिहावे लागतात. परंतु 'घरी मले, पुस्तकात मला' असे शिक्षकाने सांगितले, तर मूल दोन्ही व्याकरणे जाणून घेईल. घरची भाषाच तांबड्या शाईने खोडली, तर ते वर्गात तोंड उघडणार नाही.