राइट-बॅक की राइट-थ्रू? ४८६ च्या एका सेटिंगची उकल

माळ्यावरचा जुना ४८६ काढून कुणी चालू केला असेल, तर बायोसमध्ये एल-टू कॅशसाठी ‘राइट-थ्रू’ आणि ‘राइट-बॅक’ असे दोन पर्याय दिसले असतील. सल्ला ठरलेला: राइट-बॅक लावा, वेग वाढतो. बहुतेक वेळा खरंच वाढतो. पण कधी वाढत नाही, आणि चाचणी ते का दाखवत नाही, हा भाग जास्त शिकण्यासारखा आहे.

राइट-थ्रूमध्ये प्रोसेसरने लिहिलेली प्रत्येक गोष्ट कॅशसोबत लगेच मुख्य मेमरीतही जाते. राइट-बॅकमध्ये ती कॅशमध्येच थांबते. त्या जागेवर दुसरा डेटा आणायची वेळ आली की मगच मेमरीत उतरते. म्हणून ‘इथे बदल झालाय’ एवढं लक्षात ठेवायला एक बिट लागतो, त्याला डर्टी बिट म्हणतात.

आता हा बिट ठेवायचा कुठे? कॅशच्या एकाच जागेवर मेमरीतले कितीतरी पत्ते येऊ शकतात. सध्या त्यातला कुठला बसलाय, हे टॅग सांगतो. ४८६ च्या बोर्डांवर टॅग साधारणपणे ८ बिटांचा, म्हणजे २५६ शक्यता. कॅश २५६ केबी असेल तर २५६ गुणिले २५६ केबी, बरोबर ६४ एमबी मेमरी कॅशच्या आवाक्यात येते. डर्टी बिटसाठी वेगळी चिप नसली, की काही बोर्ड याच आठांतला एक बिट उचलतात. उरले ७. आवाका थेट ३२ एमबीवर!

समजा, तुमच्याकडे ६४ एमबी रॅम आहे. राइट-बॅक लावलंत, डॉसमधली चाचणी चालवलीत, आकडा वाढला. पण डॉस आणि ती चिमुकली चाचणी मेमरीच्या तळाशीच बसतात. विंडोज ९५ मध्ये काम ३२ एमबीच्या वर गेलं, की तिथे एल-टू नाहीच. चाचणी खोटं बोलली नाही. तिला तुम्ही तो प्रश्न विचारलाच नव्हता. पुढे १९९७ च्या इंटेल ४३० टीएक्स चिपसेटमध्येही हेच: रॅम २५६ एमबीपर्यंत चालायची, कॅश मात्र पहिल्या ६४ एमबीलाच. रॅम वाढवून मशीन मंदावल्याची तक्रार त्यातूनच यायची.

उलटा घोटाळाही होतो. ४८६ डीएक्स-टू मध्ये आतली एल-वन कॅश ८ केबीची. चाचणीचा डेटा तेवढ्यात मावला, तर वाचताना एल-टूपर्यंत जावंच लागत नाही, आणि तुम्ही लिहून मोकळे होता की ‘सेटिंगने काही फरक पडत नाही’.

त्यामुळे एका वेळी एकच सेटिंग बदला. ४ केबीपासून १ एमबीपर्यंत दुपटीने वाढणारे अ‍ॅरे घ्या, वाचणं आणि लिहिणं वेगवेगळं मोजा. वाचनाच्या आलेखात ८ केबी आणि २५६ केबीच्या आसपास पायऱ्या दिसायला हव्यात. मग तोच अ‍ॅरे ३२ एमबीच्या वरच्या पत्त्यावर ठेवून परत मोजा. मधली पायरी गायब झाली, तर एकतर कॅश ५१२ केबी करा (७ बिटांतही ६४ एमबी झाकली जाते), नाहीतर सरळ ३२ एमबी रॅम काढून ठेवा.