जुन्या गाडीसाठी कार्ब्युरेटर घेताना

भिवंडीहून तागे उचलून दुकानोदुकानी पोचविणाऱ्या लहान व्यापाऱ्याकडे आजही कार्ब्युरेटरची जुनी मारुती ओम्नी सापडते. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही आणि जुनीचा पेट्रोलखर्च सोसत नाही, असा हा पेच. हिशेब मांडून पाहा. रोज 60 किलोमीटर फिरणारी गाडी लिटरला 12 किलोमीटर देत असेल तर 5 लिटर पेट्रोल जाते. तीच 14 देऊ लागली तर सव्वाचार लिटरमध्ये भागते. लिटरला 100 रुपये धरले तरी 25 दिवसांत पावणेदोन हजार वाचतात. मीटरमागे आठ आण्यांसाठी घासाघीस करणाऱ्यांनी ही रक्कम सोडू नये.

मात्र मिस्त्रीने ‘बदलून टाका’ म्हटले की लगेच पैसे काढू नयेत. तुंबलेला एअर फिल्टर, कमी हवेचे टायर, धरून राहणारे ब्रेक हेही पेट्रोल खातात. प्लग काळेकुट्ट निघत असतील तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. त्याला फ्लोटची पातळी किंवा अडकलेला चोकही कारण असतो. गॅस्केट-नीडलच्या किटने बहुतेक वेळा काम होते. पण थ्रॉटलचा दांडा झिजून बाजूने हवा ओढू लागला, तर नुसत्या किटने भागत नाही. मग दुसरा घेणे आले.

येथे कापडवाल्याची सवय आडवी येते. पन्हा मोठा तर माल चांगला, हे गणित कार्ब्युरेटरला लागू नाही. तोंड मोठे झाले की कमी वेगात हवेचा जोर पडतो, पेट्रोलचा फवारा बारीक होत नाही आणि ते नीट जळत नाही. म्हणून इंजिनासाठी कंपनीने ठरविलेल्याच मापाचा घ्यावा. पद्मिनीला एकाच नळीचा सोलेक्स असे. दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरमध्ये हलक्या पायाने चालविल्यास लहान नळीवरच गाडी पळते, दुसरी जोर दिल्यावरच उघडते. अशा गाडीची बचत निम्मी चालकाच्या पायात असते.

आता जेटविषयी, कारण फसवणूक येथेच होते. सोलेक्स जेटवरचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. 120 म्हणजे 1.20 मिलिमीटर. 120 ऐवजी 115 घातला तर फरक दिसायला चारच टक्के, पण छिद्राचे क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी घटते. ‘लहान जेट घाला, अ‍ॅव्हरेज वाढेल’ हा सल्ला त्यामुळे महागात पडतो. मिश्रण फार पातळ झाले की इंजिन तापते, व्हॉल्व्ह जळतात. त्यातच आता पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, आणि जुना कार्ब्युरेटर स्वतःहून प्रमाण बदलत नाही. म्हणजे मिश्रण आधीच पातळ झालेले असते. त्यावर लहान जेट म्हणजे दुहेरी कात्री. रबरी नळ्या आणि डायफ्रॅमही इथेनॉल सोसणारेच मागावेत. जुन्या साठ्यातले स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत.

पीयूसीचा कागद मिळाला म्हणजे सेटिंग बरोबर, असेही नाही. ती तपासणी गाडी उभी असताना होते. गाठी भरून घाट चढताना काय जळते ते त्यात कळत नाही. खरी परीक्षा अशी: टाकी काठोकाठ भरावी, रोजच्याच वजनाने दोनशे किलोमीटर चालवावी, त्याच पंपावर पुन्हा भरावी आणि लिटर वहीत मांडावेत. हे बदलापूर्वी एकदा आणि नंतर एकदा करावे. मिस्त्रीचे उरलेले पैसे दुसरा आकडा पाहूनच द्यावेत.